रविवारची खबर

अकबोताने येरनारला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वृद्धनिवासाच्या मागच्या कुंपणावर अडकला होता. एक पाय आत, एक बाहेर आणि पँट तारेत. वरून पाण्यासारखा पातळ बर्फ पडत होता, आणि स्वारी मान उंच करून स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकावत होती.

“फाटक पुढच्या बाजूला आहे,” ती खालून म्हणाली.

“माहीत आहे. तिथून जाताना लोक बघतात.”

“आणि कुंपणावर बसलेला माणूस कुणाला दिसत नाही, असं वाटतं तुम्हाला?”

त्याने खाली पाहिलं. डोक्यावर वर्तमानपत्र धरलेली एक मुलगी... गालांवरून पाणी ओघळतंय, आणि ओठ असे घट्ट मिटलेले, की हसू आत कोंडलंय हे लांबूनही कळावं. तो कसनुसा झाला.

“आजीला इथं आणायचंय,” तो म्हणाला. “म्हणजे... आईला. मी तिला आईच मानतो. तुम्ही चहात दूध घालता ना? कोरा चहा दिला तर ती तोंडही लावणार नाही.”

“आधी उतरा. मग स्वतःच पिऊन बघा.”

उतरताना पँट टर्रकन फाटली, आणि मग मात्र अकबोता हसली ती हसलीच. त्यालाही हसू आलं. फाटक्या पँटवर हात धरून तो तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला, तीन वाट्या चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, “दूध जरा कमी आहे.” चहा त्याला आवडला होता हे तिला कळलं होतं. तिला तो आवडला होता, हे मात्र तिला चार दिवसांनी कळलं.

अल्माटीजवळच्या तलगार गावात म्हातारं माणूस परक्यांच्या हवाली करणं म्हणजे चारचौघांत मान खाली घालणं. निवासात त्रेचाळीस जण होते, आणि त्यांतल्या निम्म्यांचा पत्ता त्यांचीच मुलं कुणाला सांगत नसत. एकीच्या मुलीने सासरी सांगून ठेवलं होतं, की आई गुडघ्यांच्या उपचाराला गेलीय. ते उपचार दोन वर्षं चालले होते. अशा सगळ्या घरांना दर रविवारी खबर द्यायची, हे अकबोताचं काम. एक छोटा व्हिडिओ आणि खाली चार ओळी : काय खाल्लं, झोप कशी लागली, कुणाशी भांडण झालं. कुणाला काय सांगायचं आणि काय गिळायचं, हे तिला तोंडपाठ होतं.

थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजी-आजोबांना द्यायचं, ही तिकडची जुनी रीत. येरनार चाळीस दिवसांचा असताना आजीच्या, म्हणजे राइखान आपांच्या मांडीवर आला तो तिथलाच झाला. जन्म देणारा बाप कुआनिश, पण त्याला तो ‘अगा’ म्हणे, म्हणजे थोरला भाऊ. आता येरनारला कोरियात कारखान्यात दोन वर्षांचं काम मिळालं होतं, आणि आपांचं नि कुआनिशच्या बायकोचं एका छपराखाली पटत नव्हतं. निवास आपांनी स्वतःच पसंत केला. “तिच्या घरात तोंड मिटून बसण्यापेक्षा इथं तोंड उघडून भांडेन,” असं त्यांचं म्हणणं.

कागदावर घरचा माणूस म्हणून कुआनिशची सही झाली. येरनारने निघण्याच्या दिवशी अकबोताचा फोन हातातून काढून घेतला आणि त्यात स्वतःचा नंबर घातला.

“आपाची खबर मला द्यायची. चांगली असो, वाईट असो, सगळी. कबूल?”

“कबूल.”

“लहानपणापासून आमच्या घरातलं वाईट मला सगळ्यांत शेवटी कळतं. म्हणून म्हणतोय.”

“कबूल म्हटलं ना. आता विमान चुकवाल.”

आपांना ऐकू कमी यायचं. फोन कानाला लावला की त्या फोनवरच ओरडायच्या. तेव्हा येरनार त्यांना पत्रं लिही, फोनवरच, आणि ती अकबोता त्यांच्या उजव्या कानात मोठ्याने वाची. आपांचं उत्तर व्हिडिओतून जाई. तो पाहून झाला की येरनारचा निरोप यायचा... आणि तो आपांना नसायचा.

“आपाच्या मागे कुणाचं तरी कोपर दिसतंय.”

“खुर्चीचा हात आहे तो.”

“खुर्चीला निळा स्वेटर?”

“थंडी फार आहे इकडे.”

पुढच्या रविवारी कोपराबरोबर खांदाही आला. त्याच्या पुढच्या रविवारी वेणी. डिसेंबर सरेपर्यंत ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते दोघांनाही समजलं नाही. रविवार उजाडला की अकबोता केस धुवायची, आणि गालिना पेत्रोव्ना, निवासाच्या मुख्य बाई, चष्म्यावरून बघत म्हणायच्या, “व्हिडिओ आपांचा आहे, बरं का.”

आपांचं सगळीकडे लक्ष. एकदा त्यांनी कॅमेऱ्यात बघून सांगितलंच, “ही पोरगी चहा अर्धी वाटी देते आणि पुन्हा पुन्हा भरते. कुआनिशची बायको काठोकाठ ओतते, एकदाच प्या नि निघा म्हणून. कळतंय ना तुला मी काय म्हणते ते?”

त्याला कळलं. मार्चमध्ये, नवरोजच्या दिवशी, दालनात सगळे जमलेले असताना त्याचं पत्र आलं. अकबोता नेहमीसारखी आपांच्या कानाशी बसून वाचू लागली. “आपा, मी ऑगस्टमध्ये सुट्टीवर येतोय. हे पत्र वाचणारी जी मुलगी आहे ना, तिला विचार...” ती थांबली.

“काय? काय विचारू?”

“काही नाही, आपा.”

“काही नाही कसं? मोठ्याने वाच. माझ्या मुलाचं पत्र आहे.”

कान लालबुंद करून अकबोताला ओरडावं लागलं, “तिला विचार, माझ्याशी लग्न करशील का!” त्रेचाळीस म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनीही. येरनारला तिने एवढंच कळवलं, “उत्तर ऑगस्टमध्ये, तोंडावर.” त्या दिवसांत ती जिन्यावरून चालत म्हणून उतरली नाही, धावतच असायची.

एप्रिलमधल्या एका सोमवारी आपा जेवता जेवता खुर्चीवरून घसरल्या. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. इस्पितळाने तीन दिवस ठेवून परत पाठवलं. वयच असं म्हणे. ते तिन्ही दिवस अकबोता त्यांच्या उशाशीच होती; पहिल्या संध्याकाळी ती फोन हातात घेऊन इस्पितळाबाहेर आली, तर कुआनिश पायरीवर उभा होता.

“येरनारला कळवायचं नाही,” तो म्हणाला.

“अगा, मी त्याला शब्द दिलाय.”

“तो परमुलखात, एका खोलीत एकटा आहे. ही बातमी ऐकून कोसळला तर त्याला धरायला कोण आहे? आपल्याकडे अशी गोष्ट माणसाला घरी आणून, चार वडीलधारे भोवती बसवून मग सांगतात. तुला कुणी शिकवलं नाही?”

तेच तर तिच्या वाट्याला आलं नव्हतं. कारागांदा शहरातल्या वसतिगृहात ती शिकत असताना एका मावशीने फोनवर धाडकन सांगितलं होतं, तुझा बाप गेला. व्हरांड्यात ती एकटी, हातात उकळत्या पाण्याची किटली. ती खाली कशी ठेवायची हेच तिला सुचेना. असं येरनारचं होऊ नये... कुआनिश बोलत गेला, डॉक्टर आशा आहे म्हणतात, ऑगस्टपर्यंत उठून बसतील, आणि तिला ते खरं वाटायला हवं होतं. गालिना पेत्रोव्नांनी तर कागदच दाखवला. सही कुआनिशची, तेव्हा शब्द त्याचा. अकबोताने फोन खिशात टाकला.

रविवारी तिने फेब्रुवारीतला एक जुना व्हिडिओ पाठवला. लगेच विचारणा आली, “खिडकीत अजून बर्फ? एप्रिल आहे ना?”

“पुन्हा पडला,” तिने लिहिलं. बाहेर जर्दाळू फुलून आले होते.

मग दुसरा निरोप. “यंत्रं दुरुस्तीला काढणार आहेत. गुरुवारपासून चार दिवस कारखाना बंद. तिकीट मिळतंय. येऊ, की सुट्टी ऑगस्टसाठी राखून ठेवू? तू सांगशील तसं.”

तिने ‘ये’ लिहिलं. मग खोडलं. कुआनिशला विचारलं; तो म्हणाला, ऑगस्टमध्येच ये म्हणावं, आत्ता बोलावलंस तर उगाच शंका घेईल. तिने पुन्हा फोन उघडला आणि लिहिलं, “ऑगस्टलाच ये.”

“मला लांब ठेवायला आवडतं तुला,” त्याचं उत्तर आलं, चेष्टेचं. ते वाचून तिला रडू कोसळलं. त्या दिवसांत आपा तिच्याशी काय बोलत होत्या, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी आपा गेल्या. बाराव्या दिवशी.

कुआनिशने येरनारला फोन केला : आपाला जरा बरं नाही, निघून ये. विमानतळावरून येरनारने अकबोताला लावला. पाठीमागे गलका होता, आवाज खोल गेलेला.

“बोता, बाकी काही नको. फक्त सांग... आहे ना ती?”

“तू आधी ये,” ती म्हणाली.

अल्माटीला तो उतरला तेव्हा समोर नातेवाइकांतले नऊ वडीलधारे टोप्या घालून ओळीने उभे होते. कुणी काही बोलायच्या आत त्याला समजलं. हातातली बॅग खाली ठेवून तो तिच्यावरच बसला, असं पुढे कुणीतरी सांगितलं. त्याच्यासाठी दफन थांबवलं होतं. मूठभर माती टाकायला तो वेळेवर पोचला, एवढंच.

सातव्या दिवसाचं जेवण उरकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपांचं गाठोडं न्यायला निवासात आला. अकबोता त्याला घेऊन अंगणातल्या बाकावर बसली. इतक्या महिन्यांनी तो हाताच्या अंतरावर होता, आणि तिला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

“अगा खोटं बोलले, त्याचं मला काही नाही,” तो म्हणाला. “ते जन्मभर तेच करत आलेत. पण तू?”

“तू तिथे एकटा होतास. मला वाटलं—”

“तुला वाटलं. मी काय मागितलं होतं तुझ्याकडे?”

जर्दाळूच्या पाकळ्या गाठोड्यावर पडत होत्या, त्या तो एकेक करून झटकत राहिला.

“अगा म्हणतात, पहिल्याच दिवशी तिची शुद्ध गेली. तिला काहीच कळत नव्हतं.” त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “खरं आहे हे?”

त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. हो म्हण, असंच ते सांगत होते. नुसती मान हलवली असती तरी त्याला झोप लागली असती, कदाचित ऑगस्टही आला असता. अकबोताला हे लख्ख दिसत होतं, आणि त्याच्यावर तिचा इतका जीव होता की मान हलणारच होती.

“नाही,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत शुद्धीत होत्या. जीभ जड झाली होती, पण तुझं नाव नीट यायचं. रोज सकाळी विचारायच्या, माझ्या मुलाला कळवलंस का? मी म्हणायचे, कळवलं, निघालाय. गुरुवारी त्यांनी मला केस विंचरायला लावले... तू येणार म्हणून.”

पाकळ्या झटकणारा त्याचा हात गाठोड्यावरच थांबला. तो म्हणाला, “पहिल्या दिवसापासून सांग. काही गाळू नकोस.”

तिने सांगितलं. बारा दिवस, एकेक करून : किती चमचे सूप गेलं, कुठल्या कुशीवर झोपल्या, दाराचा आवाज आला की मान कशी वळायची. तो ऐकत राहिला. मध्येच एकदा त्याने तोंडावर हात धरला, तेव्हा ती थांबली. त्याने खुणेनेच सांगितलं, पुढे. शुक्रवारची दुपारही तिने सांगितली.

“आणि ऑगस्टमध्ये सांगणार होते ते,” तिने कसंबसं म्हटलं, “माझं तुझ्यावर प्रेम आहे. मी हो म्हणणार होते.”

येरनार उठला. गाठोडं खांद्यावर घेतलं.

“ते ठाऊक होतं मला,” तो म्हणाला. “तेवढं एकच तू न सांगता कळलं होतं.”

मंगळवारी तो कोरियाला परत गेला. ऑगस्टमध्ये तो आला नाही.