सोनजाईगडावरची छाननी

सोनजाईगडाच्या पूर्व बुरुजावर अजून ऊन चढले नव्हते, दरीतले धुके बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थबकले होते, आणि त्या धुक्यातून दारूखान्याचे बैल रिकाम्या पेट्या लादलेला गाडा ओढत दफ्तरखान्याकडे चालले होते. परतताना या पेट्या कागदांनी भरून यायच्या होत्या. आश्विनात दफ्तराची छाननी करायची, हा गडाचा शिरस्ता. निकामी ठरलेला कागद जाळावा इतके उधळे हे संस्थान कधीच नव्हते. तो तोफखान्याकडे जाई, तिथे त्याच्या नळ्या वळत, नळ्यांत दारू ठासत, आणि कुणाच्या तरी आज्याचा करारमदार शत्रूच्या अंगावर फुटे. यंदा लढाई तोंडावर आली आहे, तोफखान्याला कागद पुरत नाही, सबब छाननी सढळ हाताने व्हावी, असे कारभारी जिवाजीपंतांनी फर्मावले होते. लढाई तोंडावर होती हे खरेच होते. लबाड माणूस निम्मे खरे बोलतो, म्हणून तर त्याचे निभते.

कोणता कागद ठेवायचा आणि कोणता तोफेच्या तोंडी द्यायचा, याचा कायदा जुना आणि साधा होता: वारस हयात, तर कागद हयात. दफ्तरदाराने एकेक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, हाती घ्यायचा आणि वारसाची चौकशी करून त्यावर शेरा लिहायचा. शेरा ‘निर्वंश’ असला की दवंडीवाला सदरेच्या पायरीवरून मूळ पुरुषाच्या नावाने हाक मारी. कुणी ओ दिली तर शेरा दुरुस्त होई, नाही तर रुमाल पेटीत पडे. हा कायदा थोर माणसांनी कागदाच्या रक्षणासाठी घातला. कागद बुडवायचा तर वारस बुडवावा, ही पळवाट त्यांच्या ध्यानी आली नसावी. जिवाजीपंतांच्या ध्यानी ती पहिल्याच वर्षी आली, आणि तेव्हापासून छाननीच्या तोंडावर त्यांना अडचणीच्या कागदांचे वारस मरू लागले. कुणी विहिरीत घसरला, कुणाला पान लागले, म्हणजे साप डसला. रुमाल पेटीत गेले आणि तोफा वाजल्या.

राहिला होता तो शेडग्यांचा रुमाल; त्यावरचा शेरा दफ्तरदार दर साली चौकशीच्या नावाने तहकूब ठेवत. मागल्या वेढ्यात गडाचा दरवाजा शत्रूला उघडला गेला, आणि किल्लेदार हैबतराव शेडगे फितूर ठरून तोफेच्या तोंडी गेले. दरवाजा उघडण्याचा हुकूम कारभाऱ्यांच्या मोर्तबाने आला होता, अशा शिपायांच्या जबान्या मागाहून झाल्या. पण निवाडा होण्याआधीच थोरले महाराज वारले, धाकटे महाराज पाळण्यात, आणि जबान्या रुमालात बांधल्या गेल्या. त्यांत काय आहे हे गडावर कुत्र्यामांजरालाही ठाऊक होते. फक्त ते कागदावर होते, आणि जिवाजीपंतांना ते कागदावर नको होते.

छाननीच्या आदल्या दिवशी ते स्वतः दफ्तरखान्यात आले.

“धोंडोपंत, शेडग्यांचा वारस कोण म्हणता?”

“चौकशी चालू आहे, स्वामी,” दफ्तरदार धोंडो मल्हार म्हणाले.

“एक मुलगी होती, असे कानावर आहे. असेल तर पत्ता कळवावा. बिचारीची काही सोय लावून देऊ. यंदा मात्र शेरा तहकूब राहणार नाही.”

ही ‘सोय’ धोंडोपंत ओळखून होते. मुलगी होती, सगुणा तिचे नाव. बाप गेल्यावर धोंडोपंतांनीच तिला गडाखालच्या कुंभारवाड्यात ठेवले होते, तिथेच ती लहानाची मोठी झाली. ‘हयात’ लिहावे तर शेजारी ठावठिकाणा लिहिणे भाग, आणि ठावठिकाणा लिहिला की चार दिवसांत तिलाही पान लागायचे. धोंडोपंतांनी उभ्या आयुष्यात खोटा शेरा लिहिला नव्हता. त्यांनी लेखणी बुडवली आणि लिहिले: शेडगे, निर्वंश. मग बाजारच्या माळणीकडून सगुणेला निरोप धाडला की यंदा गडावर पाऊल टाकू नये. पोरगी वाचली, असे मानून ते घरी गेले. जेवण मात्र त्यांना गेले नाही.

सकाळी सदर भरली. चिकाच्या पडद्याआड धाकट्या महाराजांच्या वतीने आईसाहेब बसल्या होत्या, पुढे जिवाजीपंत, आणि पायऱ्यांखाली आपापल्या कागदांच्या काळजीने आलेली रयत. आज दरवाजावर पहारा दुप्पट होता, आणि पहारेकऱ्यांचे डोळे गडाबाहेर नव्हते, गर्दीवर होते. हाका पडत गेल्या, ओ येत गेली, कुठे आली नाही. ज्या नावाला ओ येत नसे, त्या नावाशी लोक खाली बघत. रुमाल पेटीत आपटल्याचा आवाज तेवढा ऐकू येई.

“हैबतराव रायाजी शेडगे,” दवंडीवाल्याने हाक दिली.

जिवाजीपंत उगाच शेल्याची घडी सारखी करू लागले.

“ओ,” गर्दीतून एक बाई म्हणाली. “म्या सगुणा. हैबतरावांची लेक.”

ती पायऱ्या चढून वर आली, पडद्याला मुजरा केला आणि धोंडोपंतांसमोर उभी राहिली.

“निरोप धाडला होता ना, पोरी,” ते पुटपुटले.

“धाडलात, काका. दर साली येऊन गर्दीत उभी ऱ्हाते ती यंदाच का नको, म्हनून तर आले.”

जिवाजीपंतांनी ना आवाज चढवला, ना भिवई. अशा माणसाचे भय वाटते ते यामुळेच.

“आईसाहेब, हा पेच आहे,” ते म्हणाले. “दफ्तर सांगते, शेडगे निर्वंश. धोंडोपंतांचा शेरा आहे, आणि त्यांची लेखणी कधी खोटी चालली नाही, हे सारे संस्थान जाणते. मग ही बाई कोण? सरकारच्या शत्रूचे नाव लावून सदरेवर उभा राहतो तो तोतया. तोतयाला कडेलोट, ही गडाची रीत आहे. रीत मी केलेली नाही.”

सगुणेने धोंडोपंतांकडे पाहिले. तिला आत्ता कुठे कळत होते.

“तुमी मला मेलेली लिवलंत?”

“तू जगावीस म्हणून लिहिले.”

“मला न इचारता?”

दयेपोटी माणूस केवढी हरामखोरी करून बसतो, हे धोंडोपंतांना त्या पायरीवर उमगले. आता गप्प राहिले तर दफ्तर खरे, त्यांची अब्रू शाबूत आणि पोर कड्याखाली. त्यांनी पडद्यापुढे डोईचे पागोटे काढून ठेवले.

“आईसाहेब, अर्ज आहे. शेरा खोटा. ही हैबतरावांची कन्या. मी जाणून लिहिले, कुणाच्या दाबाने नव्हे, भीतीने लिहिले. आणि दफ्तराचा कायदा असा, की दफ्तरदाराने जाणून लिहिलेला एक शेरा खोटा निघाला तर त्याच्या हातची सगळी छाननी बाद. पेट्यांत गेलेला प्रत्येक रुमाल परत फडताळावर जावा.”

“आणि दफ्तरदाराला शासन काय?” पडद्याआडून प्रश्न आला.

“लिहिता हात तोडावा, आईसाहेब.”

जिवाजीपंत प्रथमच घाईने बोलले, “लढाई तोंडावर आहे, तोफखाना कागदाविना—”

“तोफखान्याला आमची जुनी लुगडी द्या,” आईसाहेब म्हणाल्या. “रीतीची गोष्ट तुम्हीच काढलीत, कारभारी. आता ती साऱ्यांना लागू.”

धोंडोपंतांनी लेखणी मागून घेतली. ‘निर्वंश’ खोडले, वर लिहिले: सगुणा, हयात. ठावठिकाणा लिहिताना ते थांबले.

“लिवा,” सगुणा म्हणाली. “कुंभारवाडा. समद्यांदेखत लिवा.”

त्यांनी ते मोठ्याने वाचत लिहिले. त्यांच्या उजव्या हाताने लिहिलेली ती शेवटची ओळ.

पेट्या रिकाम्या झाल्या, रुमाल फडताळांवर गेले. जबान्या मात्र वाचल्या गेल्या नाहीत. लढाई सरेपर्यंत निवाडा तहकूब, असे ठरले. जिवाजीपंतांची कारभाराची वस्त्रे कायम राहिली, आणि नवा दफ्तरदार म्हणून त्यांचाच भाचा गादीवर बसला. न्याय एवढाच झाला, आणि तेवढ्यासाठी एक हात पडला.

जखम भरू लागल्यावर धोंडोपंत गड उतरायला निघाले. तोवर गडावरच राहिलेली सगुणा दरवाजात त्यांची वाट बघत थांबली होती. खालच्या वळणावर कारभाऱ्यांचे स्वार उभे होते, आणि ते कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. ज्यांचे रुमाल पेटीतून परत आले होते, ती माणसेही दरवाजात जमली होती. ती सगुणेच्या पुढेमागे झाली, आणि घोळक्यानेच सगळे वाटेला लागले. आज पुरते ठीक, उद्याचे काय, हे प्रत्येकाच्या मनात होते.

“म्या आले नसते तर हात वाचला आसता, काका,” सगुणा चालता चालता म्हणाली.

“वाचला असता,” धोंडोपंत म्हणाले. “आणि तुला ज्या हाताने कागदावर मारले, त्याच हाताने मी रोज जेवलो असतो.”

स्वारांनी घोडी वाटेतून जराशी बाजूला घेतली आणि सगळ्यांचे चेहरे नीट पाहून ठेवले.