टम्मूचे दात

"थुंकला! परत थुंकला!" बिट्टीचा धाकटा भाऊ शंकासुर ओरडला.

टाकीत टम्मूनं कोळंबीचा तुकडा तोंडाशी धरला, जरा झटापट केली आणि बाहेर टाकून दिला. तळाच्या वाळूवर असे सहा तुकडे आधीच पडले होते.

"आज पाचवा दिवस," बिट्टी म्हणाली. "पोट बघ ना त्याचं. आत गेलंय पार."

टम्मू म्हणजे बाबांचा मासा. मुठीएवढा, पिवळा, ठिपकेवाला, आणि चिडला की टम्म फुगून चेंडू होणारा! बाबा जहाजाच्या इंजिनावर काम करायचे. चार महिन्यांपूर्वी निघताना त्यांनी टम्मूला मामाच्या हवाली केलं, कारण मामानं छाती ठोकून सांगितलं होतं, "माशांतलं मला सगळं कळतं!"

मामाला सगळ्यातलंच सगळं कळायचं. मागच्या महिन्यात त्याला मिक्सरमधलं कळलं होतं. तेव्हापासून घरात मिक्सर नव्हता.

"काही आजारबिजार नाही," मामानं टाकीवर बोटानं टकटक करत निदान केलं. "विरह आहे हा, विरह! मालकाच्या आठवणीनं अन्न सोडलंय बिचाऱ्यानं."

बिट्टीला ते पटलं. खरं तर तिला ते पटायलाच हवं होतं. दर रविवारी जहाजावरून बाबांचा फोन यायचा, आणि आईचा हुकूम होता, "सगळं छान आहे म्हणायचं. एवढ्या लांब त्यांना काळजी नको." त्यामुळे सगळेच छान छान म्हणायचे. मग फोन ठेवला की आई उगाच कपाट आवरायला घ्यायची आणि बिट्टी ताटातला भात इकडून तिकडे करत बसायची. संध्याकाळी दारात किल्ल्यांचा आवाज झाला, की अजूनही तिची मान वळायची. आवाज शेजाऱ्यांच्या दाराचा असायचा. निदान टम्मू तरी खोटं बोलत नाही, असं तिला वाटायचं.

"थांबा, उपाय आहे माझ्याकडे!" म्हणत मामा आत गेला आणि बाबांची टोपी आणि बाबांचा जुना चष्मा घालून बाहेर आला. टाकीवर वाकून त्यानं बाबांसारखा जाड आवाज काढला, "काय रे टम्म्या, जेवलास का?"

टम्मू वर आला. त्यानं मामाकडे नीट बघून घेतलं, आणि पाण्याची पिचकारी मारली ती थेट चष्म्यावर! मामा दचकून मागे सरला, त्याचा पाय बादलीत गेला आणि बादलीसकट तो सोफ्यावर बसला.

"बघितलंत? ओळखलं त्यानं मला!" मामा चष्मा पुसत पुसत म्हणाला. "आनंद जरा जास्त झाला, एवढंच."

शेजारचा ढापण्या हसून हसून लोळला. शंकासुर मात्र हसला नाही. वय वर्षं आठ, आणि शंका दिवसाला ऐंशी. आताही त्याला एक आलीच.

"पण ताई, तुला जेवायचं नसतं तेव्हा तू ताटाकडे बघतपण नाहीस."

"मग?"

"टम्मू तर धावत येतो. पकडतो. आणि मग टाकतो. म्हणजे त्याला खायचंय!"

बिट्टी टाकीवर वाकली. मग हळूच म्हणाली, "खायचंय... पण खाता येत नाहीये!"

"पूर्वी कसा खायचा तो?" ढापण्यानं विचारलं.

"मामाच्या फोनमध्ये आहे की! दर रविवारी बाबांना पाठवतो ना तो टम्मूचा व्हिडिओ!"

हे ऐकताच मामाला कुंड्यांना पाणी घालायची फार घाई झाली. फोन मात्र सोफ्यावरच राहिला. पासवर्डची अडचण नव्हती. मामा तो मोठ्यानं म्हणत म्हणत टाकायचा, त्यामुळे सगळ्या इमारतीला पाठ होता.

व्हिडिओत टम्मूनं काहीतरी पकडलं, आणि 'कटाक्!' असा आवाज झाला.

"थांब थांब!" ढापण्या ओरडला. "मागे निळे पडदे आहेत! तुमचे तर पिवळे आहेत!"

"निळे काढून तीन महिने झाले," बिट्टी म्हणाली. तिनं पुढचा व्हिडिओ लावला. निळे पडदे. त्याच्या पुढचा. निळे पडदे. "मामा! दर रविवारी एकच व्हिडिओ?"

"छान आला होता ना तो!" बाल्कनीतून आवाज आला.

"आणि खातोय काय तो?" शंकासुरानं स्क्रीनला नाक लावलं. "गोगलगाय! शंखासकट! बाबांनी डबाभर ठेवल्या होत्या त्या कुठे गेल्या?"

तिघांनी मामाला बाल्कनीत कोंडीत पकडलं.

"एक माझ्या बुटात शिरली होती," मामा कळवळून म्हणाला. "मी पाय घातला! तुम्ही घातलाय कधी गोगलगाईवर पाय?"

"आणि बाकीच्या?"

"खाली. वॉचमनच्या कमळाच्या हौदात. चांगलं घर बघूनच सोडल्या! आणि टम्मूचं काय वाईट केलं मी? कोळंबी सोलून देतो, बारीक चिरून देतो!"

कमळाची पानं कोण खातंय, म्हणून वॉचमन दोन महिने वेड्यासारखा पहारा करत होता, ते का, हे आत्ता कळलं.

ढापण्या टाकीपाशी बसला. त्याच्या चष्म्यापुढे भिंग फिकं पडायचं. टम्मूनं तोंड वासलं, तसा तो किंचाळला, "दात! वाढलेत केवढे! वरचे खाली आलेत, घास आत जायला फटच नाही!"

बिट्टीला एकदम टाकीखालचा बाबांचा पत्र्याचा डबा आठवला. त्यात होती नखं कापायची बारीक पक्कड, मऊ फडकं आणि लवंगेच्या तेलाची बाटली.

"बाबांची दाढ कधी दुखत नाही," ती म्हणाली. "मग दाढदुखीचं तेल इथे कशाला? टम्मूचे दात कापायलाच असणार! चला, डॉक्टरांकडे!"

पाचव्या मिनिटाला वरात निघाली. मामाच्या हातात झाकणाची बादली, मामाच्या पँटवर अर्धं पाणी.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातांवर मांजरांनी जागोजाग सह्या केल्या होत्या. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं. "बरं झालं आणलंत. आणखी दोन दिवस गेले असते, तर काही खरं नव्हतं. कठीण शंख फोडले की याचे दात झिजतात. मऊ मऊ भरवलंत, म्हणून वाढले. कोणी केले एवढे लाड?"

मामा भिंतीवरचा कुत्र्यांच्या लसीचा तक्ता फार लक्ष देऊन वाचायला लागला.

डॉक्टरांनी वाडग्यातल्या पाण्यात गुंगीसाठी लवंगेच्या तेलाचे मोजून थेंब टाकले. टम्मू पेंगला आणि कलला. ओल्या फडक्यात त्याला बिट्टीनं धरलं. पकड जराही सुटू दिली नाही. डॉक्टरांनी पक्कड चालवली. कट्. कट्. नखाएवढे दोन तुकडे पडले.

त्याला ताज्या पाण्यात सोडलं. तो हलेना. बिट्टी ओंजळीत धरून त्याला पुढे सरकवत राहिली. मग एक कल्ला हलला. दुसराही हलला. टम्मूनं डोळा फिरवला, आणि मामाकडे बघून पिचकारी मारली!

"जगला!" मामा ओला चेहरा घेऊन नाचला.

बिट्टीचे डोळे मात्र भरले होते. "म्हणजे... त्याला बाबांची आठवण येतच नव्हती?"

"ते मला नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "दातांत दिसत नाही ते. पण पोरांनो, भल्याभल्यांच्या लक्षात आलं नसतं, ते तुम्ही शोधलंत. शाब्बास!"

रविवारी फोन आला. मामानं घसा साफ केला, "सगळं छा..."

बिट्टीनं फोन ओढून घेतला. "बाबा, सगळं छान नव्हतं." तिनं सगळं सांगून टाकलं. दात, पडदे, बूट, हौद. आणि त्याच श्वासात, "आणि मला रविवारी जेवण जात नाही. तुझी आठवण येते."

कपाटाकडे निघालेली आई थांबली.

पलीकडे इंजिन घरघरत होतं. त्या घरघरीतून बाबा म्हणाले, "बिट्टे, चार महिन्यांत पहिल्यांदा घरी फोन लागल्यासारखं वाटलं. शहाणी आहेस तू. तिघंही शहाणे आहात. तिकडे... एखादी गोगलगाय आहे का गं?"

होत्या, वाडगाभर! वॉचमननं हात जोडून दिल्या होत्या. बिट्टीनं एक पाण्यात सोडली आणि फोन काचेला लावला.

कटाक्!

आईनं येऊन बिट्टीच्या खांद्यावर हात ठेवला.

"परत एकदा ऐकव," बाबा म्हणाले.