गाडीतले पासष्ट किलो

मला खोटंच सांगायचं असतं, तर मी मध्यरात्र घेतली असती. दोन-चार कुत्री रडवली असती.

ही गोष्ट भर दुपारची आहे.

शुक्रवार. बारा वाजून वीस मिनिटं. खडीच्या खाणीबाहेरचा ट्रकांचा वजनकाटा. ऊन असं, की माणसाची सावलीसुद्धा त्याच्याच पायाखाली दडून बसलेली.

तिथं जे घडलं ते माझ्या मावशीच्या बाबतीत घडलं. ती स्वतः कुणाला सांगत नाही. मी सांगतोय, कारण काही लोक तिला वेडी म्हणायला लागलेत आणि ते मला खपत नाही. ज्यांना हसायचं आहे त्यांनी खुशाल हसावं. हसून झालं की पुढचं वाचावं.

मावशी पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत कामाला. अख्खं शहर जे पाणी पितं, ते आधी तिच्या काचेच्या नळीतून जातं. औषध थेंबभर जास्त पडलं तरी तिला कळतं. केंद्र घरापासून एकेचाळीस किलोमीटर, घाट चढून. पाळी पहाटे सहाची. त्या वेळेला बस नाही. स्कूटरवर ती घाटात दोनदा पडली, गुडघ्यात सळई आहे.

राहिली काकांची गाडी.

काका म्हणजे मावशीचे यजमान. गेल्या हिवाळ्यात खुर्चीत बसल्याबसल्या गेले. त्यांच्यामागे ही गाडी राहिली: दोन सीटांची, बुटकी, उघड्या टपाची, तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार. दिसायला बाहुली आणि प्यायला राक्षस. लिटरला नऊ किलोमीटर, तेही वारा पाठीशी असला तर. मावशीचा अर्धा पगार टाकीत जायचा.

आणि कागदोपत्री गाडी अजून दिराच्या नावावर. काकांनी ती भावाकडूनच घेतलेली, नाव बदलायचं राहून गेलेलं. घरातल्या घरात कशाला सह्या, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

दीर तेराव्या दिवसापर्यंतही थांबला नाही. वहिनी, गाडी विकून टाकू, म्हणाला. नोकरी सोड, आमच्याकडे ये, मुलांना तुझा लळा आहे, तुझ्या घरात भाडेकरू ठेवू. मायेनंच बोलत होता म्हणे. त्याच्या मायेत मावशीला फुकटची आया व्हायचं होतं, एवढंच.

मावशी म्हणाली, "भाऊजी, परवडत नाही म्हणूनच विकायची ना? मग परवडायला लावते."

सगळे हसले. दीर सगळ्यांदेखत म्हणून बसला, की महिनाभरात लिटरला तेरा दिलेस तर लगेच सही करतो.

मावशीनं ते शब्द धरून ठेवले.

आता काकांबद्दल खरं सांगतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. माणूस वाईट नव्हता. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, दारू नाही. सडपातळ, नीटनेटका, पासष्ट किलोचा माणूस. मावशी गाडी चालवायला बसली की हा शेजारी बसायचा आणि तिनं गिअर टाकला की जिभेनं एक आवाज काढायचा.

"च्च."

बस, एवढंच. वळण आलं की याचा पाय पुढं, नसलेल्या ब्रेकवर. तुझा पाय जड आहे, पेट्रोल तू पितेस, गाडी नाही, असं पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायचा.

बावीस वर्षं.

लोक म्हणतील, यात काय एवढं? त्यांनी बावीस वर्षं कुणाच्या तरी शेजारी बसून "च्च" ऐकून बघावं.

तर मावशी कामाला लागली. मिस्त्री म्हातारा, पण या गाडीची नस न् नस ओळखणारा. त्यानं प्लग बदलले, दोन्ही कार्बोरेटर एका सुरात आणले, ठिणगीची वेळ लावली, चाकांची तोंडं सरळ केली. टायरांत हवा बरोबर. मावशी स्वतः पेडलवर पाय असा ठेवायला शिकली, की जणू खाली झोपलेल्या मांजराची शेपटी आहे.

मोजायची पद्धत तिची, प्रयोगशाळेतली. टाकी गळ्यापर्यंत भरायची. पाळीला जाऊन यायचं. त्याच पंपावर, त्याच फरशीवर गाडी उभी करून पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं मावलं तेवढं जळलं. यात थापा मारायला जागा नाही.

पहिला आठवडा... नऊ.

दुसरा आठवडा... नऊ.

काडीचा फरक नाही.

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. इंजिन ठणठणीत होतं. फक्त एक गोष्ट त्याला छळत होती. गाडी आली, की शेजारच्या बाजूचं पुढचं चाक तापलेलं असायचं. हात लावला तर फोड येईल इतकं. ब्रेक चिकटला असणार म्हणून त्यानं तीनदा खोलला. तीनदा मोकळा निघाला. जॅकवर उचललं की चाक बोटानं गरगर फिरायचं.

"ताई," तो म्हणाला, "गाडी निरोगी आहे. पण दमते. ओझं काढा."

मावशीनं ओझं काढलं. स्टेपनी काढली. जॅक, अवजारं, टपाचं कापड, त्याच्या लोखंडी काड्या. खालचा गालिचा खरवडून काढला, उघडा पत्रा राहिला.

आणि शेवटी शेजारची सीट काढली.

चार बोल्ट होते, तीन सहज निघाले. चौथा... कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा. मावशीनं पान्यावर उभं राहून तो तोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली. शेजारी सीट नाही, उघडा पत्रा फक्त. घाट सुरू झाला. पहिलं वळण आलं...

टक.

पत्रा वाजला. खालचा, शेजारच्या बाजूचा. टाचेनं दाबल्यावर वाजतो तसा.

दुसरं वळण...

टक.

गालिचा होता तेव्हा हा आवाज कधी आलाच नसता. ऊन-थंडीनं पत्रा वाजतो, हे मावशीला माहीत आहे. पण तो वळण बघून वाजत नाही. वळण यायच्या जरा आधी वाजत नाही. आणि वाजला की गाडी... किंचित मागं ओढल्यासारखी होत नाही.

तिनं मुद्दाम एका सरळ रस्त्यावर वेग वाढवला.

टक. टक. टक.

मग तिनं गिअर टाकला. तिला ठाऊक होतं काय ऐकू येणार. तरी टाकला.

काहीच आलं नाही.

नुसता इंजिनाचा आवाज. मावशीनं श्वास सोडला...

"च्च."

कानाशी नाही. बरोबर तिथून, जिथं बसलेल्या माणसाचं तोंड असतं.

दुसरं कुणी असतं तर गाडी तिथंच टाकून पळालं असतं. मावशी पाळीवर गेली. आठ तास पाणी तपासलं. त्याच रस्त्यानं परत आली. टाकी भरली. लिटरला नऊ. तिचं डोकं फिरलं ते भुतामुळं नाही, त्या नऊमुळं. पंचेचाळीस किलो सामान काढलं आणि आकडा हलत नाही म्हणजे काय?

महिना संपायला चार दिवस राहिले होते. दिरानं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

शुक्रवारी मावशीची सुट्टी. त्या दिवशी तिनं मला बरोबर घेतलं, म्हणजे मी माझ्या मोटारसायकलवर मागून. गाडीत सीट नव्हती, आणि असती तरी मी बसलो नसतो. मला ती फक्त एवढंच म्हणाली, की वजन करून घेऊ.

काटेवाला माणूस मोठा विनोदी. गाडी बघून म्हणाला, बाई, इथं ट्रक तोलतात, ही तर खिशात घालून आणायची. मावशीनं गाडी काट्यावर मधोमध उभी केली, इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि काटेवाल्याच्या खोलीच्या खिडकीशी आली. मी तिच्याशेजारी.

गाडीच्या पुस्तकात वजन सातशे दहा. त्यातून काढलेलं पंचेचाळीस. भरायला हवी सहाशे पासष्ट.

खिडकीत लाल आकडे फिरले... थांबले.

सातशे तीस.

काटेवाल्यानं आकड्यांची डबी ठोकली. पुन्हा वजन घेतलं. सातशे तीस. काटा बरोबर आहे, परवाच तपासणी झाली, असं तो सांगत होता. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक झाला, कारण मावशी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती गाडीकडे बघत होती.

मीही बघितलं.

गाडी रिकामी होती. ऊन थेट आत पडलेलं. पण ती सरळ उभी नव्हती. शेजारच्या बाजूला चांगली दोन बोटं खाली बसलेली.

कुणी बसल्यावर बसते तशी.

मावशी चालत गेली. आपलं वजन आकड्यात नको म्हणून काट्याच्या कडेबाहेरच, शेजारच्या दारासमोर उभी राहिली. हात लांब करून तिनं दार उघडलं, पाहुण्यासाठी उघडतात तसं, पूर्ण.

"अहो, उतरा," ती म्हणाली.

काही नाही. खाणीतली यंत्रंसुद्धा तेव्हाच जेवायच्या सुट्टीला बंद पडली होती. इतकं शांत, की लाल आकड्यांची गुणगुण ऐकू येत होती.

"बावीस वर्षं ऐकलं. तुम्ही होता तेव्हा ऐकलं, गेल्यावरही ऐकतेय. माझा पाय जड नव्हता. कधीच नव्हता. उतरा."

टक.

पत्रा वाजला. मी डोळ्यांनी बघितलं, पत्रा आत गेला आणि तसाच राहिला. पाय रोवल्यासारखा.

मग मावशीनं आयुष्यात न केलेली गोष्ट केली. ती काकांशी अरे-तुरेत बोलली.

"मला नोकरीला जायचंय. उतर खाली."

किती वेळ गेला सांगता येत नाही. काटेवाला म्हणतो मिनिटभर.

...करर्र.

स्प्रिंगांचा आवाज. गाडी हळूहळू वर आली. सरळ झाली. पत्रा ठप्पकन जागेवर आला.

आकडे मात्र हलले नाहीत. सातशे तीसच.

मावशीनं दार लावलं, वळसा घालून आपल्या जागी बसली, गाडी सुरू केली आणि काट्यावरून खाली आणली. मागं वळून बघितलं नाही. खिडकीसमोर थांबून तिनं काटेवाल्याला विचारलं, "आता किती?"

तो माणूस काट्याकडे बघत होता. काट्यावर काहीही नव्हतं. तापलेलं लोखंड आणि खडीची धूळ.

"पासष्ट," तो म्हणाला.

"ठीक आहे," मावशी म्हणाली आणि गेली.

सोमवारी दीर मोजायला आला. सीट परत बसवली, कारण त्याला शेजारी बसूनच खात्री करायची होती. मावशी म्हणाली, बसा, पण पाय जवळ घेऊन बसा. केंद्रापर्यंत जाऊन आले. त्याच पंपावर, त्याच फरशीवर टाकी भरली. दिराचं वजन धरून लिटरला तेरा पॉइंट चार. चाक थंडगार. पंपावरच्या बाकावर बसून त्यानं सही केली. चेहरा असा, की एरंडेल प्यायलाय.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

आठवड्यानं काटेवाल्याचा फोन. रिकाम्या काट्यावर पासष्ट दाखवतंय. तंत्रज्ञ येऊन गेला, खालचं यंत्र नवीन बसवलं, तरी पासष्ट. ट्रकवाले रोज भांडतात. रडकुंडीला आला होता बिचारा. बाई, तुमचं जे काही आहे ते घेऊन जा, म्हणाला.

मावशी म्हणाली, माझं काही नाही तिथं.

दिराच्या कानावर गेलं. तो तरातरा घरी आला, म्हणाला, दादाला असं उन्हात उभं करून आलीस? मावशी भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमचा सख्खा भाऊ आहे. तुमच्या गाडीत चार सीटा रिकाम्या असतात. घेऊन या."

तो गेला नाही. चार महिने झाले, अजून गेलेला नाही. उलट खाणीचा रस्ता टाळून लांबून जातो. आणि मावशीला वेडी म्हणणारा पहिला माणूस तोच.

परवा पुन्हा काटेवाल्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. सकाळी सहाला खोली उघडली, आणि काट्यावर शून्य. स्वच्छ शून्य. आदल्या संध्याकाळपर्यंत पासष्ट होते. रात्रभर फाटक बंद होतं, एकही ट्रक चढला-उतरला नाही. सुटलो बाई, म्हणाला.

मी मावशीला म्हटलं, तू थोडे दिवस आमच्याकडे झोपायला ये.

ती पाळीसाठी डबा भरत होती. झाकण घट्ट लावून म्हणाली, "आला तर येऊ दे. पण गाडीत नाही. चालत येऊ दे."

आणि किल्ली घेऊन गेली.

काट्यापासून मावशीच्या दारापर्यंत बावीस किलोमीटर आहेत. सडपातळ माणसाला चालत किती वेळ लागतो, ते मी मोजलंय...

तो वेळ परवाच संपला.