पुसलेला गाल

शिल्पकारानं चादर काढली. प्लास्टरमध्ये घडवलेल्या आईच्या डाव्या डोळ्याखालची सूज कुणीतरी घासून सपाट केली होती. दुपारी शिल्प प्रदर्शनात जायचं होतं. सहा महिने तो राबला होता ते त्या सुजेसाठीच. वडिलांनी आईचं काय केलं, ते जगाला दिसायला हवं होतं.

त्यानं तपासनीस बाईंना बोलावलं. त्या आपल्या मदतनिसाला, भाऊजींना, घेऊन हजर झाल्या.

"वडिलांचंच काम," भाऊजींनी आल्या आल्या निकाल लावला.

बाईंनी गालावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "गुलाबीसर भुकटी आहे. चादर कशी होती?"

"डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती नीट खोचलेली."

शिल्पकाराकडे साचे काढणारा कारागीर फणफणलाच. "मी घासलं असतं तर कोरडं, पॉलिश पेपरनं! प्लास्टरला ओलं फडकं कोण लावतं? बघा, कसं भुसभुशीत झालंय!"

वडील वरच्या मजल्यावर राहत. गुडघ्यांमुळे वर्षभर जिना उतरले नव्हते. "पुतळा? कुणाचा, माझा?" त्यांनी आशेनं विचारलं.

आईनं पाणी आणलं. घरच्या घरीही चेहऱ्याला पावडर नीटनेटकी लावलेली. "सकाळी चहा द्यायला खाली गेले होते. कुणी दिसलं नाही बाई."

बाई भाऊजींना आणि मायलेकांना घेऊन खाली आल्या.

"नासधूसच करायची तर हातोडा पुरला असता. इथं फक्त सूज गेली. ओलं फडकं लावणारा या कामातला नव्हे, म्हणून कारागीर सुटला. वडील खाली येत नाहीत, पुतळा कुणाचा हेही त्यांना ठाऊक नाही. उरली भुकटी. ती तोंडाला लावायची पावडर आहे. घासलेल्या गालावर पावडर कोण लावेल, भाऊजी?"

भाऊजींनी डोकं खाजवलं.

"जिनं वर्षानुवर्षं स्वतःच्या गालावर लावली, ती. जाताना थंडी वाजू नये तशी चादरही खोचली."

आईनं मान खाली घातली नाही. "त्यांनी मारलं ते चार भिंतींआड. तू चारचौघांत मांडणार होतास. मला एकदा तरी विचारलंस?"

शरमेनं त्याचे कान तापले. लहानपणी मारहाणीचा आवाज आला की तो पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. आता तिचंच तोंड लोकांना दाखवून तो शाबासकी घेणार होता. तिला काय हवं, हे तेव्हाही विचारलं नव्हतं आणि आताही.

बाहेर टेम्पो थांबला. "चढवायचं का, साहेब?"

"आई, पाठवू?"

"मला विचारतोयस?"

"हो."

"मग नको."

त्यानं हातानंच टेम्पोवाल्याला परत जायची खूण केली. आईकडे बघायचा मात्र त्याला धीर झाला नाही.