पुसलेली ओळ

गुरुवारी मालविकाचं मौन असे. सकाळी दत्ताच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली की संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत ती एक शब्द बोलत नसे. गडहिंग्लजला असताना शालूमावशीनं लावलेली ही सवय कोल्हापुरात नायिका झाल्यावरही तिनं मोडली नव्हती. चित्रीकरणाच्या तारखा ठरवताना तिची पहिली अट तीच असायची. युनिटमधली माणसं हसायची, "आज मॅडम म्यूटवर आहेत," म्हणायची, आणि तीही हसून हात जोडायची.

अलीकडे मात्र मौनात बसलेल्या मालविकाच्या गळ्यात एक करडी, बोटभर रुंदीची पट्टी असे.

आई लवकर गेल्यामुळे मालविकाला मावशीनंच वाढवलं. मावशीच्या भजनी मंडळात गाता गाताच तिचा गळा तयार झाला. भजन स्पर्धेत अभिराम नावाच्या दिग्दर्शकानं तिला ऐकलं आणि आपल्या संगीतपटात घेतलं. स्वतः अभिनय करणारी आणि स्वतःच गाणारी नायिका लोकांनी फार वर्षांत पाहिली नव्हती. चित्रपट चालला. मग वर्षभर जत्रा, लग्नं, महोत्सव, उद्घाटनं. एक दिवस तार सप्तकात जाताना तिच्या गळ्यातून नुसता वारा बाहेर आला. स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. बोलता येईल, पण गाण्याचं आता विसरा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती, आणि दुसऱ्या चित्रपटाच्या करारावर सही झालेली होती.

स्वरपट्टी आली ती तेव्हा. माणूस मनात गातो किंवा बोलतो तेव्हाही मेंदू गळ्याच्या स्नायूंना बारीकसे इशारे देत असतो; आवाज फुटत नाही, इतकंच. पट्टी ते इशारे टिपून असेल तिथून स्टुडिओत पाठवायची आणि तिथलं यंत्र त्यांना मालविकाचा जुना, निरोगी आवाज द्यायचं.

"ताई, तुम्ही फक्त मनात गा. घसा माझ्यावर सोडा," ध्वनिमुद्रण बघणारे नझीरभाई म्हणाले होते. "पण काही दिवस ही काढायची नाही हां, झोपेतसुद्धा. तिला तुमची ओळख पटली पाहिजे. खासगी काही असलं तर हे बटण दाबा, बंद होईल."

कुणाचा फोन आला, शेजारीण गप्पांना बसली, की मालविका आठवणीनं बटण दाबायची. गुरुवारी कधी दाबलं नाही. मौनात बंद करायचं ते काय?

त्या गुरुवारी मावशी डायलिसिसहून आली ती भिंतीकडे तोंड करूनच पडली. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यापासून आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून शुद्ध करून आणावं लागे. त्या दिवशी तिथं हातात सुई बसता बसली नव्हती. कण्हणं लपवण्यासाठी ती मध्येच म्हणाली, "चहा टाकतेस का गं?" मालविकानं चहा दिला, सुजलेला हात उशीवर ठेवला आणि देवापुढे जाऊन बसली. काय मागितलं ते तिचं तिला ठाऊक.

शनिवारी ती स्टुडिओत गेली तेव्हा अभिराम डोळे पुसत होता.

"ये, ये! अगं, महिनाभर सिनेमातली आई मरतानाचं ते गाणं जमत नव्हतं, आणि तू घरबसल्या पाठवून दिलंस? कवीमहाराज तर म्हणाले, माझी सगळी कडवी फाडून टाका."

नझीरभाईंनी बटण दाबलं. खोलीत तिचा दोन वर्षांपूर्वीचा आवाज घुमला, कोवळा आणि स्वच्छ.

*सुईला जागा नाही उरली हातावर,*
*दमली रे ही... आता ने हिला.*

मालविका यंत्राकडे धावली. "दादा, हे गाणं नाही. हे नका वापरू."

"नका काय? सकाळीच झलक टाकलीय. लोक रडतायत अक्षरशः!" अभिरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पट्टी चालू असताना उमटलेला सूर निर्मात्याचा, असं करारात आहे, बाळ. आणि कलावंताचं दुःख असंच कामी येतं." त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

"नझीरभाई," तिचा घोगरा आवाज फाटत होता, "यानंतरही मी मनात बोलले होते. लगेच. 'नको, नको, राहू दे हिला, मला दुसरं कोण आहे' असं. दिवा लागेपर्यंत तेवढंच म्हणत होते."

नझीरभाईंनी मान खाली घातली. "होतं, ताई. यंत्रानं ऐकलं होतं. पण ते सुरात नव्हतं. नुसतं घाबरं घाबरं, तुटक. यंत्र चाल लागेल तेवढंच निवडतं."

"मग मला ते द्या. मला पाहिजे ते."

"निवड झाली की बाकीचं त्याच संध्याकाळी पुसलं जातं. तुमचं खासगी जपायला तसा नियम केलाय."

सोमवारी दवाखान्यात न्यायला रिक्षा आली. "आवरलं का, आक्का?" रिक्षावाल्यानं हाक दिली. मावशी तुळशीपाशी बसून होती. चपला घातल्या नव्हत्या.

"त्याला जा म्हणावं," ती म्हणाली.

"मावशी, असं काय करतेस? उशीर होतोय."

"शेजारच्या पोरींनी गाणं ऐकवलं तुझं. किती गोड लागलाय गं आवाज! पण सिनेमातली आई हृदयविकारानं जाते म्हणाली होतीस ना? मग सुया कुणाला टोचतात?"

मालविका तिच्या पायाशी बसली. सगळं सांगितलं. त्या दुपारचं, आणि नंतर दिव्यापर्यंत जे म्हटलं तेही.

"असेल गं," मावशी म्हणाली. " म्हटलंही असशील. ते कुठं ऐकायला मिळेल?"

"पुसलं त्यांनी."

मावशी रागावली नाही. तिच्या केसांवरून सुजलेला हात फिरवत राहिली. "देवानं तुझं ऐकलं की नाही, ते त्याला ठाऊक. मी ऐकलं. तू इतकी दमलीस, हे मला आधी कळायला हवं होतं."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

"नाही दमले मी! चल ना, मावशी. आता तुझ्यासमोर तोंडानं सांगतेय ना, तू मला हवी आहेस!"

मावशीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भरलेले डोळे, थरथरणारी हनुवटी.

"तोंडानं तू सिनेमातही सांगतेस, बाळ. अगदी अशीच रडतेस, आणि आम्हा सगळ्यांना ते खरं वाटतं. मग आता यातलं मी कुठलं धरू, तूच सांग?"