न वाजलेला शंख

साम्राज्यं तोफांनी कोसळत नाहीत. ती कोसळतात शूरांच्या एका हाकेनं, आणि ती हाक काळालाही गाडता येत नाही.

हे वाक्य क्यूबातल्या आमच्या होयो सेको गावात संगमरवरात कोरलेलं आहे. भिंतीवर चढवण्याआधी ती पाटी आठवडाभर नगरपालिकेच्या अंगणात आडवी पडून होती, तेव्हा तिच्यावर एक बकरी व्याली.

पुढची हकीकत मात्र अक्षर अन् अक्षर खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मावशीला आता दोन्हीची सवय आहे.

तारीख अकरा ऑगस्ट १९११. शुक्रवार. वेळ... रात्रीची नव्हे. दुपारी तीनची.

क्यूबात रात्री इतका गलबला असतो की भुताला कुणी विचारत नाही. दुपारी मात्र गाव झोपतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. जे ऐकू यायचं ते तेव्हाच ऐकू येतं.

मावशीचं नाव लेओकादिया. तिचा नवरा एबारिस्तो, स्पेनविरुद्धच्या शेवटच्या युद्धात पहारेकरी होता. डोंगरातल्या एका गुहेत आपल्या जखमींचा दवाखाना होता. त्या वाटेवर एबारिस्तो शंख घेऊन बसायचा. स्पॅनिश शिपाई दिसले की एक लांब फुंक मारायची, गुहा रिकामी व्हायची.

डोंगरातला नियम होता, पहारेकऱ्याच्या शंखाला दुसऱ्या कुणाचं तोंड लागायचं नाही. कप्तानाचंही नाही.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये, अकरा तारखेला, भर दुपारी शिपाई आले.

शंख वाजला नाही.

गुहेत अकरा जखमी होते. एकही उठला नाही.

एबारिस्तोचं प्रेत सापडलं नाही. वाटेवर नुसता शंख पडला होता. कप्तान बालबिनो काब्रेरा त्या सकाळी औषध आणायला म्हणून गेले होते, म्हणून वाचले. त्यांनीच रडत रडत सांगितलं, पहारेकरी फितूर झाला.

फितुराच्या वस्तूला आमच्याकडे हात लावत नाहीत. शंख काठीनं उचलला आणि युद्धानंतर नगरपालिकेच्या भिंतीवर उंच टांगला. लाज म्हणून, फुंकायचं टोक भिंतीकडे करून. आत काय आहे ते बघावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आमच्या गावातून डोंगरात गेले होते एकसष्ट जण. स्वातंत्र्य मिळाल्यावर परत आले एकशे चाळीस. प्रत्येकाला वीर असल्याचा दाखला मिळाला. दाखल्यावर कप्तानांची सही, सहीखाली त्यांची लाल लाख. लाखेचं त्यांना भारी वेड. डोंगरात मीठ मागायच्या चिठ्ठीलाही ते लाख लावून मोहर मारत. तिथे बाकी कुणापाशी लाख नव्हती. बाकीच्यांपाशी पायताणंही नव्हती.

पुढे कप्तान नगराध्यक्ष झाले. दर अकरा ऑगस्टला, तीन वाजता, चौकात हजेरी घेऊ लागले. ते मेलेल्याचं नाव पुकारत आणि त्याच्या घरचं माणूस उत्तर देई, "हजर." अकरा नावं झाली की वही मिटायची. मावशी काळ्या कपड्यांत उभी राहायची आणि तोंड न उघडता घरी यायची. बायका म्हणत, एबारिस्तो बार्सेलोनात एका जाड बाईबरोबर मजेत आहे. मावशीनंही ते मानलं होतं. रोज सकाळी कॉफी गाळताना ती त्याला मनसोक्त शिव्या द्यायची.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

दुपारी तीन वाजता... रोज... तिच्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी श्वास घ्यायचं.

खोल. छातीभर.

आणि मग... फुऽऽऽ.

जीव खाऊन फुंकल्यासारखं. पण सूर नाही. नुसती हवा.

पुन्हा श्वास. पुन्हा फुऽऽऽ.

"कोण आहे?" म्हटलं की थांबायचं. पाठ वळली की पुन्हा सुरू.

त्या वर्षी पाटी बसवायला भिंत मोकळी हवी होती. नगराध्यक्षांनी नार्सीसो गवंड्याला बजावलं, शंख काढ, गोणपाटात बांधून ठेव, तो मी माझ्या हातानं नदीत सोडणार. गावाला ते फार उदात्त वाटलं.

नार्सीसो शुक्रवारी सकाळी गोणपाट घेऊन मावशीच्या दारात आला.

"हा घे. तुझ्या नवऱ्याचा आहे. मी काही पाहिलं नाही."

"काय नाही पाहिलंस?"

"आत बघ, म्हणजे मी काय नाही पाहिलं ते कळेल."

आणि कॉफीसुद्धा न घेता तो चालू लागला. नार्सीसोनं कॉफीला नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

मावशीनं शंख खिडकीशी नेला. टोक उजेडाकडे केलं.

भोक बुजलेलं होतं.

लाखेनं. लाल. अंगठ्यानं दाबून, पक्की.

तिनं लाखेवरून नख फिरवलं. ज्याला वाजवायचाच नाही, तो भोक कशाला बुजवील? हा नक्की वाजवणार, याची ज्याला खात्री होती, त्यानं बुजवलं.

म्हणजे शिपाई दिसले तेव्हा तो पळाला नव्हता. तिथेच उभा राहून फुंकत होता. त्याच्या अंगावर येईपर्यंत फुंकत होता.

आणि इकडे चौदा वर्षं आपण...

तिनं केसातला काटा काढला. टोक लाखेत घातलं.

तेवढ्यात... अगदी कानाशी...

श्वास.

सकाळचे दहा वाजले होते.

मावशीचा हात थांबला. लाख काढली तर पुरावा जाईल. ठेवली तर ह्याची फुंक अडकलेलीच राहील.

"थांब रे जरा," ती हवेला म्हणाली. "तीन वाजेपर्यंत कळ काढ."

तीन वाजता चौकात अकरा नावं झाली. वही मिटली. मावशी पुढे गेली.

"बारावं राहिलं, कप्तानसाहेब."

"वहिनी, ऊन फार आहे. घरी जा."

तिनं शंख वर धरला. टोक लोकांकडे केलं. कुणाला पुढे येऊन निरखायची गरज पडली नाही. तो रंग प्रत्येकाच्या घरी चौकटीतल्या दाखल्यावर होता.

कप्तान हसून म्हणाले, "लाख काय, वाण्याकडेही मिळते."

"डोंगरात वाणी कुठला?"

मग ती वीरांकडे वळली. "तुम्ही सांगा. ही लाख कुणाची?"

कप्तान खोटे, तर त्यांच्या लाखेचा दाखलाही खोटा. एकशे चाळीस वीर आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

त्यांत दोमितिलो होता. एकसष्टांतला, खरा. एबारिस्तोबरोबर एका घोंगडीत झोपलेला. मावशी त्याच्याकडेच बघत राहिली. शेवटी तो पुटपुटला, "झालं ते झालं गं. आता कशाला उकरतेस?"

मावशी सांगते, कप्तानानं काय केलं ते तिला सकाळी कळलंच होतं. काळीज फाटलं ते दोमितिलोच्या बोलण्यानं.

कप्तानांनी हात उंचावला. पाटीवरचं वाक्य म्हणायला छातीभर श्वास घेतला.

आणि...

फुऽऽऽ.

नुसती हवा.

त्यांनी पुन्हा श्वास घेतला. पुन्हा फुऽऽऽ. चेहरा जांभळा झाला. मानेच्या शिरा टरारल्या. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. त्या शांततेत सगळ्या चौकानं ऐकलं... कप्तानांच्या दोन श्वासांच्या मधे तिसराच एक श्वास चालला होता. जिथून येत होता, तिथे कुणी उभं नव्हतं.

डॉक्टरांनी घशाची नस सांगितली. कप्तानांना पुन्हा कधी बोलता आलं नाही. तरी ते आणखी नऊ वर्षं नगराध्यक्ष होते. त्या काळात कारभार बराच सुधारला, असं विरोधकही मानतात.

पाटीवर त्या वाक्याखाली नावं मात्र अकराच आहेत.

शंख मावशीच्या फळीवर आहे. लाख तशीच. गाव ज्या दिवशी कबूल करील त्या दिवशी काढीन, म्हणते. रोज दुपारी त्याची माफी मागते आणि काढत नाही. दरवर्षी चौकात जाते. अकरा नावं झाली, वही मिटली, की न पुकारलेल्या नावाला ठणठणीत आवाजात "हजर" म्हणते. लोक तेव्हा खोकतात.

आणि तो श्वास...

तो अजून येतो. हल्ली मी मावशीकडेच राहतो, मीही ऐकलाय. एवढंच, की कप्तान १९२० मध्ये वारले, आणि त्या दुपारपासून...

दोन येतात.

एक फळीपाशी. एक दाराबाहेर. आळीपाळीनं. दाराबाहेरच्याला मावशी आत ये म्हणत नाही.

हे काय आहे, मला माहीत नाही. लिहिताना तीन वाजत आले आहेत, म्हणून आवरतं घेतो.

ही हकीकत ऐकून पुष्कळ जण मावशीला भेटायला येतात. पोटभर जेवतात, दुपारी तिथेच लवंडतात. त्यांना एकच विनंती. कृपा करून कुशीवर झोपा. उताणे पडून घोरलात, की आता हा तिसरा कोण म्हणून मावशी दचकून उठून बसते, आणि मग तिला संध्याकाळपर्यंत झोप लागत नाही.