मुंगळ्याचा उजवा जबडा

कुणाला खोटं वाटेल. पण हे घडलंय. याच वर्षी, एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, राहुरीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

तेही भर दुपारी.

भागवत वेल्डर. नांगराचे फाळ जोडता जोडता त्याला भंगारातून किडे बनवायचा नाद लागला. सायकलच्या चेनचा सुरवंट, पान्यांचा नाकतोडा. लोक लांबून बघायला यायचे.

तेव्हा तो माणसाएवढा मुंगळा घडवत होता. पोट स्कूटरच्या टाकीचं, पाय सळयांचे. डावा जबडा म्हणजे भंगारातला गंजका कोयता.

उजवा मात्र भंगारातला नव्हता...

पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली झुंबरबाई फडातच छातीत कळ येऊन गेली. घरचे मयत घेऊन घाईनं गावी निघाले. तिचा कोयता कोपीच्या, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीच्या, कुडात खोचलेला राहिला. पात्यावर ‘झुं’ अक्षर ठोकलेलं.

तो कुणी टाकलेला नाही, हे भागवतला कळत होतं. तरी त्यानं उचलला. अक्षरावर काळा रंग मारला.

त्या मंगळवारी तिची मुलगी राजेश्वरी शेडवर विचारायला आली. कोयता तिच्या पाठीमागं, हातभर अंतरावर होता.

“न्हाई बघितला,” भागवत म्हणाला.

ती गेली.

थोड्या वेळानं आवाज आला...

सप्... सप्... सप्...

ऊस तोडल्यासारखा. शेडमागं तर नुसतं मोकळं रान. भागवत बाहेर आला. कुणीच नाही. चिमणीसुद्धा नाही.

आवाज शेडमधूनच येत होता.

तो आत वळला... आणि जागीच थिजला.

मुंगळ्याच्या उजव्या जबड्यावरून काहीतरी ओघळत होतं. त्यानं बोट लावून जिभेवर टेकवलं.

उसाचा ताजा रस.

डावा जबडा कोरडा ठणठणीत.

आणि जमिनीवरून मुंगळ्यांची रांग वर चढत होती. खरे, जिवंत मुंगळे. सगळे उजवीकडंच.

चार दिवस, रोज दुपारी, तेच. शेवटी बायकोनंही पाहिलं. निकिता एवढंच म्हणाली, “ज्याचं त्याला देऊन या.”

त्यानं जबडा कापला, रंग घासला आणि गाडीला किक मारली. पाथर्डीपर्यंत तो मनात एकच वाक्य घोकत होता. मीच उचलला, माझं चुकलं.

राजेश्वरीनं कोयता दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. मग हळू आवाजात म्हणाली, “मालनमावशीवर आळ घेतला हो मी. आईच्या जिवाभावाची बाई. साऱ्या टोळीपुढं चोर म्हनले तिला. कुठं सापडला, दादा?”

भागवतनं तोंड उघडलं...

“पाचटात पडला हुता.”

कसं निघालं तोंडातून, त्याचं त्यालाच कळलं नाही.

राजेश्वरीचा चेहरा बदलला. “कुडात खोचलेला पाचटात कसा जाईल? म्हंजे मावशीनंच दडवला हुता.”

भागवत समोर आलेला चहा प्यायला. निघून आला.

आवाज थांबला. रस कुठून येत होता, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

मालनबाईच्या गावाचा पत्ता त्यानं मिळवलाय. चार महिने झाले, तो कागद त्याच्या खिशातच आहे.